कोवळ्या फळझाडांना बोरॉन: किती, केव्हा आणि कोणत्या वाटेने

खानदेशात कपाशी, ज्वारी किंवा केळी घेतलेल्या रानांत मोसंबी, कागदी लिंबू, डाळिंब, पेरू आणि पपई यांच्या नव्या बागा दरवर्षी उभ्या राहतात, आणि लागवडीनंतर वर्ष-दीड वर्षात त्यांतल्या अनेक बागांबद्दल एकच तक्रार ऐकू येते: खते वेळेवर दिली, ठिबक चालू आहे, तरी झाड जागचे हलत नाही. मग आधी युरिया वाढवला जातो, नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत) सोडले जाते आणि शेवटी कृषी सेवा केंद्रातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी येते, जिच्यात बोरॉन असतेच. हा लेख पहिल्या तीन वर्षांच्या बागेपुरता आणि त्या पुडीतल्या या एकाच घटकापुरता आहे.

झाडाला बोरॉन फारच थोडे लागते. पण ते कमी पडले की पहिला घाव मुळीच्या टोकावर आणि शेंड्यावर बसतो, म्हणजे जिथून इतर अन्नद्रव्ये आत येतात आणि जिथे ती खर्ची पडतात त्याच दोन जागांवर. त्यामुळे बोरॉन कमी पडलेले झाड बाहेरून स्फुरद किंवा कॅल्शियम कमी पडल्यासारखे दिसू शकते आणि शेतकरी त्याला तीच खते देत राहतो. उलट, कमतरतेचे लक्षण दिसले म्हणजे जमिनीत बोरॉन नाहीच असेही नसते. पुष्कळदा ते जमिनीत असते, पण झाडापर्यंत पोचत नाही. या दोन गोष्टींतला फरक ओळखल्याशिवाय बोरॅक्सच्या, म्हणजे बोरॉन देणाऱ्या क्षाराच्या, पुडीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढची पावले त्याच क्रमाने मांडली आहेत.

झाडाच्या आत काय घडते

वनस्पतीला बोरॉन लागतेच, हे १९२३ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी एका शेंगवर्गीय पिकावर दाखवून दिले. ते नेमके कशासाठी लागते हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला. पेशीच्या भिंतीत पेक्टिन असते आणि त्या पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून ठेवण्याचे काम बोरॉन करते. जुन्या पानांत भिंती बांधून झालेल्या असतात, म्हणून तिथे लगेच काही बिघडत नाही. मुळीच्या टोकावर आणि शेंड्यावर मात्र रोज नव्या पेशी तयार होत असल्यामुळे पुरवठा तुटला की तिथली वाढ सर्वांत आधी थांबते.

मुळीचे टोक थांबले की बाकीचे हिशेब चुकू लागतात. स्फुरद जमिनीत जागचा फारसा हलत नाही, मुळीलाच त्याच्याकडे जावे लागते. कॅल्शियम मुख्यतः कोवळ्या, पांढऱ्या मुळीच्या टोकाजवळून आत शिरते आणि चुनखडीच्या जमिनीत लोह मिळवण्याचे कामही बहुतांशी हीच मुळी करते. शिवाय पेशीच्या आवरणाचे काम नीट चालण्यासाठीही बोरॉन लागते. बोरॉनविना वाढवलेल्या मुळ्या स्फुरद कमी घेतात आणि त्यांना बोरॉन पुरवले की तासाभरातच ही क्षमता सुधारते, असे मका आणि शेंगवर्गीय पिकाच्या मुळ्यांवर १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसले होते. म्हणजे शेतात डीएपीसारखे स्फुरदयुक्त खत पडलेले असूनही झाड उपाशी राहू शकते.

वरून खाली होणारी वाहतूकही अडते. कमतरता तीव्र झाली की पानांत तयार झालेली साखर खाली नेणाऱ्या नलिका खराब होऊ लागतात, पानांत पिष्ट साचते, पाने जाड होतात आणि मुळीला साखर कमी मिळते. साखरेविना मुळी वाढत नाही आणि मुळीविना पुढचे बोरॉन येत नाही, असे हे चक्र असल्याने उशीर झालेल्या झाडाला सावरायला वेळ लागतो.

वाट पाण्याची आहे

आपल्याकडच्या जमिनीत बोरॉन बहुतेक बोरिक आम्लाच्या रूपात असते. त्यावर विद्युतभार नसल्यामुळे ते पाण्याबरोबर मुळीत शिरते आणि पाण्याबरोबरच वर चढते. झाड पानांतून जितके पाणी बाहेर टाकील त्या प्रमाणात बोरॉन पानांकडे ओढले जाते. पाणी उडून जाते आणि बोरॉन पानाच्या कडेला, टोकाला मागे राहते. जास्त बोरॉनची भाजणी पानाच्या टोकापासून आणि कडेपासून सुरू होते ती याच कारणाने.

पानात गेलेले बोरॉन पुन्हा बाहेर निघून नव्या शेंड्याकडे जाईल का, हे झाडाच्या जातीवर ठरते. सफरचंद, नासपती, आलुबुखार, बदाम या झाडांत सॉर्बिटॉल नावाची साखर वाहते, ती बोरॉनला धरून ठेवते आणि आपल्याबरोबर फिरवते. मोसंबी-लिंबासारख्या लिंबूवर्गीय झाडांत मात्र जुन्या पानातले बोरॉन नवतीकडे, म्हणजे नव्या पालवीकडे, फारसे जात नाही. आंबा, पेरू, पपई यांच्या बाबतीतही ते फिरणार नाही असे धरूनच नियोजन करणे सुरक्षित आहे. खाली गर्द हिरवी, बोरॉनने भरलेली पाने आणि वर मरणारा शेंडा हे दोन्ही एकाच झाडावर का दिसते, याचे उत्तर इथे आहे.

खानदेशच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपली जमीन मुख्यतः बेसॉल्ट खडकापासून बनली आहे आणि बेसॉल्टमध्ये बोरॉन मुळातच कमी असते. काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा ८ च्या वर असतो आणि ८ ते ९ या सामूच्या टप्प्यातच माती बोरॉनला सर्वांत घट्ट धरून ठेवते. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा साक्री-नवापूरकडच्या चढउताराच्या मुरमाड जमिनींत उलटा प्रकार असतो: तिथे धरून ठेवायला काहीच नसल्यामुळे पावसाळ्यात बोरॉन निचऱ्याबरोबर खाली निघून जाते.

पहिले पाऊल: खुरपे घेऊन मुळी पाहा

ज्या झाडाची वाढ थांबली आहे त्याच्या ड्रीपरजवळ, बुंध्यापासून हातभर अंतरावर, वीतभर खोल माती हलक्या हाताने उकरावी. ओलीच्या कडेला पांढरी, लुसलुशीत जारवा मुळी दिसली तर पुढे जावे. मुळीची टोके आखूड, जाडसर, तपकिरी झालेली असतील तर त्यामागे बोरॉनची कमतरता असू शकते, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. कारण पाणी साचून कुजलेली मुळी, सूत्रकृमीच्या गाठींची मुळी आणि बुंध्याजवळ ओतलेल्या रासायनिक खताने भाजलेली मुळीही तपकिरीच दिसते. कुजलेल्या मुळीची साल चिमटीत धरून ओढली की सहज निसटते आणि आत दोऱ्यासारखा भाग राहतो. डाळिंब आणि पपईच्या मुळांवर गाठी आहेत का, हे मात्र आवर्जून पाहावे.

त्याच वेळी ओलही पाहावी. वरची माती ओली आणि खालची कोरडी, किंवा बुंध्याशी चिखल आणि फुटभर अंतरावर धूळ, अशी स्थिती नव्या बागांत फार दिसते. बोरॉन पाण्याबरोबर येत असल्याने कोरड्या मातीतले बोरॉन झाडाच्या दृष्टीने नसल्यातच जमा असते. लागवडीच्या वेळी बुंध्याला चिकटून ठेवलेला ड्रीपर दुसऱ्या वर्षीही तिथेच असेल, तर तो बाहेर सरकवून लॅटरलवर (ठिबकच्या नळीवर) दुसरा ड्रीपर वाढवणे हा बोरॉनच्या फवारणीपेक्षा स्वस्त आणि अनेकदा पुरेसा उपाय ठरतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा दुपारी पाने आपली छिद्रे मिटून घेतात आणि मुळीत ओल असूनही पाण्याचा वरचा ओघ मंदावतो. त्या दिवसांत फुटलेल्या नवतीवर कमतरतेसारखी खूण दिसली आणि मृगाच्या पावसानंतरची नवती निरोगी आली, तर काहीही देण्याची गरज नाही.

दुसरे पाऊल: माती, पाणी आणि पान

माती परीक्षणात बोरॉन आपोआप मिळेलच असे नसते. २०१५ पासून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतल्या बारा घटकांत बोरॉन आहे, तरी नमुना देताना ते तपासून हवे असल्याचे स्पष्ट सांगावे आणि सामू, क्षारता व मुक्त चुना यांचे आकडेही मागावेत. नमुना झाडाच्या ओलिताच्या घेरातून, ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर अशा दोन थरांतून वेगवेगळा घ्यावा. गरम पाण्यात विरघळणारे बोरॉन ०.५ पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) कमी असेल तर जमीन कमतरतेची समजतात. मात्र चुनखडीच्या काळ्या जमिनीत हा आकडा थोडा वर असला तरी झाड अडू शकते, म्हणून एकट्या मातीच्या अहवालावर विसंबू नये.

पाण्याच्या तपासणीकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही, आणि माझ्या मते नव्या बागाइतदाराने सर्वांत आधी तीच करावी. विहीर उथळ आणि गोड असेल तर चिंता कमी. कूपनलिका खोल आणि पाणी मचूळ असेल तर तपासणी टाळू नये. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत द्यावा, काचेच्या नव्हे, कारण काही काचांतच बोरॉन असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये सिंचनाच्या पाण्याबाबत दिलेल्या वर्गवारीत लिंबू सर्वांत नाजूक गटात आहे: लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी. संत्रावर्गीय झाडे आणि द्राक्ष ०.५ ते ०.७५ च्या गटात येतात. याच वर्गवारीत ज्वारी ४ ते ६ पर्यंत सहन करते आणि कपाशी ६ च्याही वर. म्हणून ‘या विहिरीवर आजोबांच्या काळापासून कपाशी होते आहे, पाण्यात दोष नाही’ हा युक्तिवाद लिंबाच्या बागेला लागू पडत नाही.

हिशेब करून पाहा. पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम बोरॉन आहे आणि कोवळ्या झाडाला रोज सरासरी १० लिटर पाणी मिळते, तर रोज ५ मिलिग्रॅम बोरॉन जाते. वर्षात ३०० दिवस पाणी दिले तर दीड ग्रॅम. हे सुमारे १४ ग्रॅम बोरॅक्सइतके झाले आणि ते सगळे ड्रीपरच्या लहानशा घेरात पडले. अशा बागेत बोरॉनचा एक कणही वरून देण्याचे कारण नाही.

पानाचा नमुना मोसंबी-लिंबात चार ते सहा महिने वयाच्या, फळ नसलेल्या फांदीवरच्या पूर्ण वाढलेल्या पानांचा घ्यावा. लिंबूवर्गीय झाडांसाठी ३६ ते १०० पीपीएम हा समाधानकारक टप्पा मानतात. २० च्या खाली कमतरता आणि २५० च्या वर विषबाधेची शक्यता असते. पण आधी सांगितल्याप्रमाणे या झाडांत बोरॉन फिरत नसल्याने जुन्या पानाचा चांगला आकडा नव्या शेंड्याची हमी देत नाही. पाने कागदी पिशवीत सावलीत वाळवावीत. ज्या बागेत नुकतीच बोरॉनची फवारणी झाली आहे तिथला नमुना घेऊ नये, आणि पाने कपड्यांच्या पावडरीने धुऊ नयेत. काही पावडरींत बोरॉनची संयुगे असतात आणि अहवाल खोटा येतो.

तिसरे पाऊल: लक्षण ओळखणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाकारणे

कमतरता नेहमी नव्या भागावर दिसते. शेंडा थांबतो किंवा करपतो, त्याच्या खालून दोन-चार आखूड डीर एकदम फुटतात आणि झाड झुबक्यासारखे दिसू लागते. मोसंबी-लिंबात कोवळे पान जाड, खाली वळलेले, निस्तेज होते. मधली शीर फुगते, तिच्यावर बुचासारखा थर येतो आणि शेवटी ती चिरते. असे पान बोटांत दुमडून पाहावे. निरोगी पान वाकते; हे पापडासारखे कडकन तुटते. तिसऱ्या वर्षी एखादे फळ लागलेच तर ते लहान, कडक राहते आणि त्याच्या सालीखालच्या पांढऱ्या भागात तपकिरी डिंकाचे ठिपके सापडतात.

पपईत लक्षण वेगळे आणि अधिक स्पष्ट असते, म्हणून शहादा-तळोदा भागातल्या बागाइतदाराला ते लवकर कळते: कोवळ्या फळावर चीक आपोआप पाझरतो, फळ उंचसखल, गाठाळ होते आणि आत बी नीट भरत नाही. विषाणूच्या रिंगस्पॉट रोगातही फळ खडबडीत होते. फरक असा की रोगात पानावर पिवळ्या-हिरव्या छटांची चट्टेदार नक्षी येते, देठावर तेलकट रेघा आणि फळावर वलये दिसतात. रोगट झाडाला बोरॉन देत बसणे म्हणजे मावा किडीला रोग पसरवायला आणखी महिनाभर वेळ देणे होय.

पान वळणे एवढ्या एका लक्षणावर कधीही निर्णय घेऊ नये. नागअळी कोवळ्या पानात नागमोडी चकाकती रेघ सोडते, सायला कीड शेंडा वाळवते आणि मधासारखा चिकट स्राव पाडते, डाळिंबावर फुलकिडे पानाच्या कडा वर वळवतात, कोळी पानाची खालची बाजू खरबरीत करतो. जस्ताच्या कमतरतेत पाने लहान, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळी पडतात; लोहाच्या कमतरतेत कोवळे पान पिवळे आणि त्यावर हिरव्या शिरांचे बारीक जाळे दिसते. खानदेशच्या चुनखडीच्या जमिनीत ही दोन्ही बोरॉनपेक्षा अधिक वेळा अडचण करतात. डाळिंब तडकले की लगेच बोरॉनचे नाव घेतले जाते, पण तडकण्यामागे बहुधा कोरड्यानंतर एकदम दिलेले पाणी असते; बोरॉन आणि कॅल्शियम यांचा क्रमांक त्यानंतरचा.

चौथे पाऊल: पुडीवरचा आकडा वाचा

बाजारात बोरॉन चार रूपांत मिळते. बोरॅक्समध्ये ते साधारण १०.५ टक्के, डायसोडियम टेट्राबोरेट पेंटाहायड्रेटमध्ये १४.५ टक्के, बोरिक आम्लात १७ टक्के आणि फवारणीसाठी मिळणाऱ्या डायसोडियम ऑक्टाबोरेटमध्ये २० टक्के असते. शेजाऱ्याने ‘लिटरला एक ग्रॅम’ सांगितले तर ते कशाचे, हे आधी विचारावे; तेच एक ग्रॅम एका पुडीतून घेतले तर दुसरीच्या दुप्पट बोरॉन पडते. कॅरमच्या पटावर टाकतात ती बोरिक पावडरही याच घराण्यातली असते, पण ती वापरू नये. तिच्यात आणखी काय मिसळले आहे याचा पत्ता नसतो.

मिश्र खतांतले बोरॉनही मोजावे. राज्यात जमिनीतून देण्याच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ग्रेड १ मध्ये १ टक्का आणि फवारणीच्या ग्रेड २ मध्ये अर्धा टक्का बोरॉन असते. ग्रेड १ चे ५० ग्रॅम एका झाडाला दिले तर अर्धा ग्रॅम बोरॉन गेले, म्हणजे जवळजवळ ५ ग्रॅम बोरॅक्स.

पाचवे पाऊल: जमिनीतून द्यायचे असेल तर चौरस मीटरवर मोजा

नव्या बागेत सर्वाधिक नुकसान इथे होते. फळबागेसाठी हेक्टरी १ किलो बोरॉन हे नेहमीच्या वापरातले माप आहे. ते पूर्ण क्षेत्रावर पसरले तर एका चौरस मीटरला ०.१ ग्रॅम बोरॉन, म्हणजे जेमतेम १ ग्रॅम बोरॅक्स येते. वर्षाच्या झाडाचे आळे साधारण एक चौरस मीटर असते. आता ‘झाडाला मूठभर’ किंवा ‘२० ग्रॅम’ असा सल्ला या आळ्यात उतरवून पाहा: २० ग्रॅम बोरॅक्स एका चौरस मीटरवर पडले की त्या तुकड्यापुरता दर हेक्टरी २१ किलो बोरॉनचा झाला. वीस सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीत ते मिसळले तर सुमारे ८ पीपीएमची भर पडते, जिथे कमतरतेची रेषाच ०.५ पीपीएमवर आहे. मोठ्या झाडासाठीची शिफारस रोपाला लावल्याने कोवळी बाग भाजते, ती अशी.

म्हणून तपासणीत कमतरता सिद्ध झाली असेल तरच, पहिल्या वर्षी आळ्याच्या दर चौरस मीटरला १ ते दीड ग्रॅम बोरॅक्स, वर्षातून एकदाच द्यावे. एवढी लहान मात्रा हाताने वाटता येत नाही. ६ बाय ६ मीटरवर एकरी साधारण १११ झाडे बसतात. तेव्हा १११ ग्रॅम बोरॅक्स आधी थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग १११ लिटर पाणी करावे आणि प्रत्येक आळ्यात, बुंध्यापासून वीतभर दूर, एक लिटर गोलाकार ओतावे. वजनासाठी सोनाराकडे असतो तसा लहान इलेक्ट्रॉनिक काटा विकत घ्यावा. चमचा, टोपण किंवा मूठ हे माप धरू नये. घरातल्या सालदाराकडे किंवा मजुराकडे काम सोपवायचे असेल तर द्रावण स्वतः करून द्यावे आणि त्याच्या हातात फक्त लिटरचे मापटे द्यावे.

काळ्या जमिनीत हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला, चांगल्या कुजलेल्या शेणखतासोबत करावे. सेंद्रिय पदार्थ बोरॉन धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. मुरमाड जमिनीत मात्र पावसाळा ओसरल्यावर द्यावे, नाहीतर ते पहिल्या मोठ्या पावसाबरोबर खाली जाईल. ठिबकमधून द्यायचे असल्यास कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत ते कधीही टाकू नये, दोन्हींचा साका बसून ड्रीपर बंद होतात. शंका असेल तेव्हा बादलीत थोडे मिसळून अर्धा तास ठेवावे. पाणी गढूळ झाले तर ती जोडी वेगवेगळ्या दिवशी द्यावी.

सहावे पाऊल: फवारणी नवतीवर

चुनखडीच्या जमिनीत माती बोरॉन अडवून धरते, म्हणून माझा कल फवारणीकडे आहे. मात्र तिच्यापासून अपेक्षा बेताची ठेवावी. फवारलेले बोरॉन ज्या पानावर पडले त्याच पानाच्या उपयोगी येते, पुढच्या नवतीला ते पुरत नाही आणि मुळीपर्यंत तर पोचतच नाही. यामुळे जुन्या, गर्द पानांवर केलेली फवारणी वाया जाते. नवती बोटभर लांब आली, पाने अजून पूर्ण उलगडलेली नाहीत, अशा वेळी फवारावे आणि पुढची नवती आली की गरजेनुसार पुन्हा.

दोन वर्षांपर्यंतच्या झाडांसाठी पाण्यात १०० पीपीएम बोरॉन पुरेसे असते. त्यासाठी १५ लिटरच्या पंपाला २० टक्क्यांचे बोरॉन साडेसात ग्रॅम, किंवा बोरिक आम्ल ९ ग्रॅम, किंवा बोरॅक्स १५ ग्रॅम घ्यावे. तिन्हींतून पडणारे बोरॉन जवळपास सारखेच असते. तिसऱ्या वर्षी, कमतरता स्पष्ट असेल तर, ही मात्रा दुपटीपर्यंत नेता येते, त्यापुढे नाही. बोरिक आम्ल थंड पाण्यात हळू विरघळते, म्हणून ते आधी तांब्याभर गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यावे. जस्ताची कमतरताही असेल तर जस्ताची फवारणी वेगळ्या दिवशी करावी. ती टाळू नये, कारण जस्त पुरेसे असलेल्या झाडात बोरॉन गरजेपेक्षा जास्त साठण्याचा धोका कमी राहतो.

फवारणी सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करावी. पाण्याच्या ताणावर असलेल्या झाडावर ती करू नये. आदल्या दिवशी पाणी द्यावे. बोरिक आम्ल आणि बोरॅक्स दिसायला पिठीसाखर किंवा तुरटीसारखे असल्यामुळे मूळ पुडीतच, मुलांच्या आणि गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवावे, आणि विरघळवताना हातमोजे घालावेत.

नत्राचा हात याच काळात आखडता घ्यावा. नवती दिसताच युरिया वाढवला तर पालवी झपाट्याने लांबते, मुळीतून येणारे बोरॉन आणि कॅल्शियम तितक्या वेगाने पुरत नाही आणि जी कमतरता सौम्य होती ती उघडी पडते. नत्र कमी प्रमाणात, अधिक हप्त्यांत द्यावे.

जास्त झाले असेल तर

आधी खालच्या, जुन्या पानांची टोके पिवळी पडतात, मग पिवळेपणा कडेने आत सरकतो, शेवटी कडा तपकिरी होऊन भाजल्यासारखी दिसते आणि पान गळते. नव्या पानांवर हे उशिरा येते. कमतरतेशी हा सरळ उलटा क्रम आहे. क्षारांच्या आणि क्लोराइडच्या भाजणीशी मात्र याचे साम्य असते, म्हणून पानाचे परीक्षण करून आकडा पाहावा.

यावर फवारणीचे औषध नाही. बोरॉनचे सर्व स्रोत, मिश्र खतांसकट, बंद करावेत. निचरा चांगला असेल तर गोड्या पाण्याने आळे दोन-तीनदा भरपूर भिजवून बोरॉन मुळीच्या खाली ढकलावे; काळ्या भारी जमिनीत निचरा नसताना हा प्रयोग केल्यास मुळी गुदमरेल, तिथे आधी चर काढावा लागतो. जिप्सम चोपण जमिनीच्या सोडियमवर चालते, बोरॉन धुऊन काढत नाही. दोष विहिरीच्या पाण्यात असेल तर कालव्याचे किंवा शेततळ्याचे पाणी मिसळून बोरॉनचे प्रमाण खाली आणावे, आणि तेही शक्य नसेल तर त्या रानात लिंबाचा हट्ट सोडावा. आंतरपीक म्हणून कांदा किंवा चवळी घेत असाल तर तीही बोरॉनला नाजूक आहेत, त्यांच्या पातीचे आणि पानांचे शेंडे झाडाच्या आधी करपू शकतात.

पहिला बहार धरताना

तिसऱ्या-चौथ्या वर्षी आंबे बहारासाठी (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून झाडाला ताण दिला जातो, तेव्हा महिना-दीड महिना माती कोरडी राहते आणि मुळीतून बोरॉन येणे जवळजवळ बंद होते. ताण तुटल्यावर लगेच फुलकळी निघते आणि परागनलिका वाढायला बोरॉन लागते, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच साठा सर्वांत कमी असतो. यासाठी पानाचे परीक्षण ताण देण्याच्या आधी करून घ्यावे. आकडा समाधानकारक टप्प्याच्या खालच्या टोकाला असेल तर पहिल्या पाण्यानंतर, कळी ज्वारीच्या दाण्याएवढी असताना, १०० पीपीएमची एक फवारणी द्यावी. फुले पूर्ण उमलली की फवारणी थांबवावी, मधमाश्यांना काम करू द्यावे आणि फळे वाटाण्याएवढी झाल्यावर नवतीकडे पाहून पुढचा निर्णय घ्यावा.